ऑटोइम्यून स्वादुपिंडदाह आणि मधुमेह: एकच आजार की दोन वेगळे?

कवडसा

नमस्कार. वडिलांच्या आजाराविषयी काही प्रश्न विचारायचे आहेत. उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुरू आहेत आणि त्यांत स्वतःहून काही बदल करण्याचा विचार नाही. मात्र तपासणीच्या वेळी बोलणे औषधांच्या मात्रेपुरतेच होते आणि आजाराचे मूळ समजून घ्यायचे राहून जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वडिलांचे वय ६४ आहे. त्यांना मद्याची सवय कधीच नव्हती आणि पित्ताशयात खडेही आढळलेले नाहीत. काही महिन्यांपूर्वी त्यांचे वजन उतरू लागले, अंगाला खाज सुटू लागली आणि पाठोपाठ कावीळ दिसली; पोटात मात्र अजिबात दुखत नव्हते. त्याच वेळी केलेल्या रक्ततपासणीत मधुमेह असल्याचे आयुष्यात प्रथमच समोर आले. सीटी स्कॅनमध्ये संपूर्ण स्वादुपिंड सुजलेले आणि पित्तनलिकेचा खालचा भाग अरुंद झालेला दिसला. सुरुवातीला कर्करोगाची शंका व्यक्त झाली आणि ते दिवस आम्हा सर्वांसाठी फार कठीण होते. पुढे एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडच्या साहाय्याने बायोप्सी घेतली गेली, रक्तातील आयजीजी-४ हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) वरच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक निघाले आणि ‘टाइप १ ऑटोइम्यून पॅन्क्रिआटायटिस’ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या उलट्या हल्ल्यामुळे होणारा स्वादुपिंडदाह, असे निदान झाले. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केल्यावर कावीळ उतरली आणि भूकही परतली.

माझा गोंधळ मधुमेहाबद्दल आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावर उलटल्यामुळे टाइप १ मधुमेह होतो, असे मी आजवर वाचत आले आहे. वडिलांच्या बाबतीतही प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावरच उलटली आहे. मग हा टाइप १ मधुमेहच म्हणायचा का? स्टेरॉइडमुळे मूळ आजार आटोक्यात येत असेल तर मधुमेहही जाईल का, की स्टेरॉइडमुळे तो वाढेल? सध्या त्यांची उपाशीपोटीची साखर ११०च्या आसपास असते, पण दुपारच्या जेवणानंतर ती ३००च्या वर जाते, आणि याचा अर्थ आम्हाला लागत नाही. शिवाय आम्हा भावंडांनी स्वतःच्या तपासण्या करून घ्याव्यात का, हेही जाणून घ्यायचे आहे.

मितभाषी

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. वडिलांना प्रत्यक्ष न तपासता त्यांच्या उपचारांवर मत देणे योग्य नाही, पण आपण विचारलेले प्रश्न इतके नेमके आहेत की त्यांमागचे शास्त्र मांडल्याशिवाय राहवत नाही.

स्वादुपिंडात दोन अगदी निरनिराळी कामे करणाऱ्या पेशी शेजारी शेजारी राहतात. अवयवाचा बहुतांश भाग पाचकरस तयार करणाऱ्या ग्रंथिपेशींचा आणि तो रस आतड्यापर्यंत नेणाऱ्या नलिकांचा असतो. इन्शुलिन, ग्लुकॅगॉन यांसारखी संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची छोटी बेटे त्यात विखुरलेली असतात आणि त्यांचा वाटा एकूण वजनाच्या जेमतेम १ ते २ टक्के असतो. टाइप १ मधुमेहात प्रतिकारशक्तीच्या टी पेशी या बेटांतील बीटा पेशींना निवडून नष्ट करतात, तर आजूबाजूच्या नलिका आणि ग्रंथिपेशी त्या हल्ल्यातून बहुतांशी सुटतात. आपल्या वडिलांच्या आजारात हल्ल्याचे केंद्र नेमके दुसरीकडे आहे. तिथे लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी नलिकांभोवती आणि ग्रंथिपेशींमध्ये होते, लहान शिरा दाहामुळे बुजतात, तंतुमय ऊती भोवऱ्याच्या आकारात पसरत जातात आणि या साऱ्या सुजेत व तंतूंच्या जाळ्यात बेटे अडकतात. इन्शुलिन कमी पडते ते या अप्रत्यक्ष इजेमुळे. म्हणून दोन्ही आजारांत प्रतिकारशक्तीचाच दोष असला तरी वडिलांचा मधुमेह टाइप १ प्रकारात मोडत नाही. स्वादुपिंडाच्या अन्य आजारातून उद्भवणाऱ्या मधुमेहाचा एक स्वतंत्र गट आहे आणि त्याला टाइप ३ सी असे संबोधतात. वडिलांचा मधुमेह प्रामुख्याने त्या गटात बसतो.

हा आजार ओळखण्याचा प्रवासही सांगण्याजोगा आहे. १९६१ मध्ये फ्रान्समधील सार्ल्स आणि सहकाऱ्यांनी मद्याशी संबंध नसलेल्या आणि रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन वाढलेल्या एका वेगळ्या स्वादुपिंडदाहाचे वर्णन केले होते. त्यानंतर जवळपास तीन दशके या कल्पनेकडे फारसे लक्ष गेले नाही. १९९५ मध्ये जपानमधील योशिदा आणि सहकाऱ्यांनी ऑटोइम्यून पॅन्क्रिआटायटिस ही संकल्पना मांडली आणि २००१ मध्ये हामानो आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात आयजीजी-४ वाढलेले असते हे दाखवून दिले. तेव्हापासून चित्र झपाट्याने बदलले. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, पित्तनलिका, मूत्रपिंडे, पोटाच्या मागील बाजूची ऊती अशा अनेक ठिकाणी हाच दाह होऊ शकतो आणि स्वादुपिंड हे त्या व्यापक आजाराचे एक ठाणे आहे, हे यथावकाश स्पष्ट झाले. निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांत स्कॅनमधील चित्र, रक्तातील आयजीजी-४, अन्य अवयवांचा सहभाग, ऊतींची तपासणी आणि स्टेरॉइडला मिळणारा प्रतिसाद या पाचही अंगांचा एकत्रित विचार केला जातो.

आयजीजी-४ विषयी एक गैरसमज वारंवार दिसतो. हे प्रतिपिंडच ऊतींचा नाश करते, असे मानले जाते, पण तसे सिद्ध झालेले नाही. एरवी ते दाह भडकवणाऱ्या प्रतिपिंडांपैकी नाही. त्याचे वाढलेले प्रमाण ही आजाराची खूण आहे. कार्बॉनिक अनहायड्रेज-२, लॅक्टोफेरिन, लॅमिनिन ५११ अशा काही प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे या रुग्णांत सापडली आहेत, परंतु रोजच्या निदानात वापरता येईल अशी एकही खात्रीची प्रतिपिंड-चाचणी त्यांतून निर्माण झालेली नाही.

आपल्या वडिलांचे चित्र टाइप १ ऑटोइम्यून पॅन्क्रिआटायटिसचे जणू नमुनेदार वर्णन आहे: पन्नाशी उलटलेला पुरुष, वेदना नसलेली कावीळ, उतरणारे वजन, एकसंध सुजलेले स्वादुपिंड आणि सोबत नव्याने दिसलेला मधुमेह. इथे ‘टाइप १’ हा शब्द दोन्ही आजारांच्या नावात असल्यामुळे घोटाळा वाढतो. स्वादुपिंडदाहाचा टाइप १ आणि मधुमेहाचा टाइप १ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. घरातील सर्वांना हे जरूर सांगावे, कारण पुढे एखाद्या अनोळखी डॉक्टरांना माहिती देताना यातून चुकीची नोंद होऊ शकते.

भावंडांच्या तपासणीविषयी नंतर लिहीन. साखरेच्या आकड्यांबद्दल इथल्या मधुमेहतज्ज्ञ सदस्यांनी लिहिले तर अधिक चांगले होईल.

अंतःस्राव

मी मधुमेह आणि संप्रेरकांच्या आजारांवर उपचार करते. मितभाषी यांनी पाया नीट घातला आहे, त्यामुळे मी थेट साखरेकडे वळते.

या आजाराचे निदान होते त्या वेळी साधारण निम्म्या रुग्णांत मधुमेह आढळतो. पण सर्वांचा मधुमेह एकाच वाटेने आलेला नसतो. काही जणांना वयपरत्वे आणि आनुवंशिक कलामुळे आलेला टाइप २ मधुमेह अनेक वर्षे आधीपासून असतो आणि स्वादुपिंडाच्या दाहाने तो एकाएकी बिघडतो. काहींना दाहाबरोबरच मधुमेह होतो. आपल्या वडिलांच्या वर्णनावरून ते या गटात असावेत असे वाटते, मात्र मागील काही वर्षांत कधी साखर तपासली गेली असल्यास ते जुने अहवाल शोधून डॉक्टरांना अवश्य दाखवावेत. आणि काहींची साखर स्टेरॉइड सुरू केल्यावरच वाढते. एकाच व्यक्तीत या तीनही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असू शकतात. म्हणूनच ‘मधुमेह जाईल का’ या प्रश्नाचे उत्तर पहिल्या महिन्यात देता येत नाही; त्यासाठी स्टेरॉइडची मात्रा बरीच खाली येईपर्यंत थांबावे लागते.

मूळ आजाराबरोबरच सुरू झालेला मधुमेह स्टेरॉइडने सुधारण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण सूज उतरते तशी तिच्या दाबाखाली निष्क्रिय झालेली, पण जिवंत असलेली बेटे पुन्हा काम करू लागतात. जिथे तंतुमय ऊतींनी कायमची जागा घेतली आहे तिथल्या पेशी परत येत नाहीत. उपचार लवकर सुरू झाले तर साखरेच्या दृष्टीनेही फायदा होतो तो याच कारणामुळे. वडिलांच्या बाबतीत निदान फार लांबले नाही, ही जमेची बाजू आहे.

आता ११० आणि ३०० या आकड्यांविषयी. प्रेडनिसोलोन सहसा सकाळी एकाच वेळी दिले जाते. त्याचा साखर वाढवणारा परिणाम काही तासांनी जोर धरतो, दुपारपासून संध्याकाळपर्यंत शिगेला पोहोचतो आणि रात्री ओसरतो. त्यामुळे उपाशीपोटीची साखर जवळपास सर्वसाधारण आणि दुपारनंतरची भरमसाट, असा आलेख स्टेरॉइडच्या परिणामाशी अगदी जुळतो. केवळ सकाळची साखर मोजणाऱ्या रुग्णाला या काळात आपली साखर उत्तम आहे असा खोटा दिलासा मिळतो. दुपारच्या जेवणापूर्वी, त्यानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणापूर्वी घेतलेल्या नोंदी इथे सर्वांत उपयोगी ठरतात. एचबीएवनसी हे साधारण तीन महिन्यांचे सरासरी चित्र दाखवत असल्याने स्टेरॉइडची मात्रा दर एक-दोन आठवड्यांनी बदलत असताना त्यावर विसंबून निर्णय घेता येत नाहीत.

तपासण्यांविषयी थोडेसे. जीएडी आणि तत्सम, बीटा पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी एकदा करून घेणे योग्य आहे, म्हणजे टाइप १ मधुमेह स्वतंत्रपणे नाही ना याची खात्री होते. या आजारातील मधुमेहात ती बहुधा नकारात्मक येतात. सी-पेप्टाइडवरून स्वादुपिंडाची इन्शुलिन बनवण्याची क्षमता किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो, परंतु त्याच क्षणी रक्तातील साखर किती होती हे माहीत नसेल तर तो आकडा वाचताच येत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण एकट्या सी-पेप्टाइडच्या अहवालावरून निष्कर्ष काढलेले बऱ्याचदा पाहायला मिळते.

औषधांच्या निवडीतही हा मधुमेह वेगळा विचार मागतो. सौम्य अवस्थेत मेटफॉर्मिनचा उपयोग होतो, मात्र त्याने भूक आणखी मंदावत असेल किंवा वजन घटतच असेल तर पुनर्विचार करावा लागतो. ज्यांना स्वादुपिंडदाह होऊन गेला आहे त्यांना जीएलपी-१ गटातील इंजेक्शने आणि डीपीपी-४ गटातील गोळ्या शक्यतो देत नाहीत. एसजीएलटी-२ गटातील औषधांनी, शरीरात इन्शुलिन खूपच कमी असेल तर, साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात कीटोन ही आम्ले साचण्याची गंभीर अवस्था) होण्याचा धोका असतो. इन्शुलिनची गरज लागली तर त्याला पराभव समजू नये. दाहाच्या काळात वजन आणि स्नायू टिकवून ठेवण्यासाठी ते अतिशय मोलाचे असते.

कवडसा

आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनःपूर्वक आभार. जुने अहवाल शोधले असता तीन वर्षांपूर्वीची उपाशीपोटीची साखर ९६ असल्याचे सापडले, म्हणजे मधुमेह बहुधा या आजाराबरोबरच आला असावा.

आणखी एक काळजी आहे. वडिलांना रात्री झोपताना दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन सुरू केले आहे. गेल्या आठवड्यात स्टेरॉइडची मात्रा कमी झाल्यानंतर एका पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला आणि साखर ५८ निघाली. साखर देताच बरे वाटले. दुपारी ती अजूनही २५०च्या पुढे जाते. एकाच दिवसात इतकी कमी आणि इतकी जास्त साखर कशी असू शकते?

अंतःस्राव

हा प्रसंग आपल्या डॉक्टरांना पुढच्या भेटीची वाट न पाहता आजच कळवावा. ७०च्या खाली गेलेली साखर दुर्लक्षिण्यासारखी नसते, त्यात ती झोपेत उतरली असेल तर अजिबातच नाही.

रात्री दिलेल्या इन्शुलिनचा जोर पहाटे शिल्लक असतो आणि नेमका त्याच वेळी स्टेरॉइडचा परिणाम ओसरलेला असतो, त्यामुळे पहाटे साखर घसरते आणि दुपारी पुरेसे इन्शुलिन नसल्याने चढते. म्हणून सकाळी एकदाच प्रेडनिसोलोन घेणाऱ्या अनेक रुग्णांना मध्यम कालावधीचे इन्शुलिन स्टेरॉइडबरोबरच सकाळी दिले जाते, म्हणजे दोन्हींचे चढउतार एकमेकांशी जुळतात. वडिलांसाठी तसे करावे का, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. परंतु हा प्रश्न त्यांना निःसंकोच विचारावा. स्टेरॉइडची मात्रा प्रत्येक वेळी उतरली की इन्शुलिनची मात्राही पुन्हा तपासली गेली पाहिजे. या दोन औषधांचे वेळापत्रक पुष्कळदा दोन वेगवेगळे तज्ज्ञ सांभाळत असतात आणि एकाने केलेला बदल दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ती कडी जोडण्याचे काम घरच्या माणसालाच करावे लागते.

या मधुमेहात साखर कमी होण्याला आणखी एक पदर आहे. साखर घसरू लागली की एरवी बेटांतील अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते. स्वादुपिंडाच्या आजारात बीटा पेशींबरोबर अल्फा पेशींचेही नुकसान झालेले असू शकते. मग इन्शुलिनही अपुरे आणि घसरण रोखणारे ग्लुकॅगॉनही अपुरे, अशी दुहेरी अवस्था निर्माण होते आणि साखर दोन्ही दिशांना चटकन झोके घेते. अशा रुग्णांसाठी साखरेचे उद्दिष्ट ठरवताना ती फार खाली ठेवण्याचा अट्टहास करू नये, असे माझे ठाम मत आहे. शक्य असल्यास त्वचेवर लावून सतत साखर मोजणारे उपकरण या काळापुरते तरी वापरावे, कारण रात्रीच्या घसरणीची सूचना त्यातून वेळेवर मिळते.

आणि स्टेरॉइड कधीही एकदम बंद करू नये. काही आठवडे ते घेतल्यावर अधिवृक्क ग्रंथींचे स्वतःचे कॉर्टिसोल मंदावलेले असते. अचानक औषध थांबल्यास रक्तदाब आणि साखर दोन्ही धोकादायक रीतीने घसरू शकतात. साखर वाढते म्हणून घरीच स्टेरॉइडची गोळी वगळणारे रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्याचे परिणाम गंभीर होतात.

पुनर्नवा

मी याच आजाराच्या दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे टाइप २ ऑटोइम्यून पॅन्क्रिआटायटिसची रुग्ण आहे. हा प्रकार तुलनेने तरुण वयात, स्त्री-पुरुष दोघांत सारखाच दिसतो. त्यात आयजीजी-४ सहसा वाढलेले नसते आणि मोठ्या आतड्याच्या दाहाशी, विशेषतः अल्सरेटिव्ह कोलायटिसशी, त्याचे निकटचे नाते असते. मलाही तो आतड्याचा आजार आधीपासून होता. कावीळ न होता मला पोटात वरच्या भागात तीव्र वेदना झाल्या आणि लायपेज हे स्वादुपिंडाचे एन्झाइम रक्तात बरेच वाढलेले निघाले.

अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या आजारासाठी दिली जाणारी अझाथायोप्रिन आणि मेसालामिन ही औषधे स्वतःच काही जणांत स्वादुपिंडदाह घडवून आणू शकतात. त्यामुळे वेदना सुरू होण्यापूर्वी कोणते औषध नव्याने घेतले होते, ही माहिती निदानाच्या दृष्टीने निर्णायक ठरते. माझ्या बाबतीत औषधाचे कारण वगळल्यानंतरच बायोप्सीतून खरे निदान झाले. स्टेरॉइडला प्रतिसाद उत्तम मिळाला आणि आजार पुन्हा उद्भवलेला नाही. या प्रकारात तो उलटण्याचे प्रमाण टाइप १ पेक्षा पुष्कळच कमी असते, असे मला सांगण्यात आले आहे. साखर आजपर्यंत सर्वसाधारण आहे, तरीही दरवर्षी एचबीएवनसी करून घेते.

छायाप्रकाश

मी क्ष-किरण विभागात काम करतो आणि सीटी, एमआरआयचे अहवाल लिहितो. मूळ प्रश्न मधुमेहाचा असला तरी कर्करोगाच्या शंकेबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण साठीच्या आसपास नव्याने दिसलेला मधुमेह, घटते वजन आणि वेदनारहित कावीळ हे त्रिकूट स्वादुपिंडाच्या कर्करोगातही तंतोतंत असेच दिसते. हा धागा वाचून आपल्याही घरातील रुग्णाला ऑटोइम्यून आजारच असावा अशी समजूत कोणी करून घेऊ नये. दोन्हींत कर्करोग हा फार अधिक आढळणारा आजार आहे.

स्कॅनमध्ये ऑटोइम्यून प्रकारात स्वादुपिंडाच्या नेहमीच्या खाचा नाहीशा होऊन ते सॉसेजसारखे गुळगुळीत दिसते आणि त्याच्याभोवती पातळ आवरणासारखी कड उमटते. मुख्य नलिका लांबवर अरुंद होते, पण अडथळ्याच्या मागे ती फारशी फुगत नाही. कर्करोगात बहुधा याच्या उलट घडते: एका ठिकाणी गाठ असते आणि तिच्या मागची नलिका ठळकपणे फुगलेली असते. अडचण येते ती ऑटोइम्यून दाह स्वादुपिंडाच्या एकाच भागात गाठीसारखा साचतो तेव्हा. अशा वेळी नुसत्या चित्रावर विसंबता येत नाही. आयजीजी-४ देखील निर्णायक नाही; स्वादुपिंडाचा कर्करोग असलेल्या सुमारे १० टक्के रुग्णांत ते थोडेफार वाढलेले असते, तर दुसरीकडे सीए १९-९ ही कर्करोगाची खूण मानली जाणारी चाचणी काविळीमुळे ऑटोइम्यून आजारातही वाढते. आयजीजी-४ वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक असेल तेव्हा त्याचे वजन पुष्कळ वाढते आणि वडिलांचा आकडा तिपटीच्या पुढे होता, सोबत बायोप्सीही होती, हे आश्वासक आहे.

स्टेरॉइड देऊन पाहणे हा निदानाचाच एक भाग असला तरी तो प्रयोग कर्करोगाची शक्यता बायोप्सीने तपासल्यानंतरच करावा, हे सर्वमान्य आहे. कारण स्टेरॉइडने कर्करोगाच्या रुग्णालाही काही दिवस बरे वाटते, भूक लागते आणि त्या खोट्या सुधारणेत मोलाचा वेळ निघून जातो. खरी सुधारणा स्कॅनवर दिसावी लागते आणि ती दोन ते चार आठवड्यांत दिसते. वडिलांचा उपचारानंतरचा स्कॅन झाला नसेल तर त्याविषयी अवश्य विचारावे.

तिन्हीसांज

या निमित्ताने एक उलटा प्रश्न विचारते. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे. तिला पुढे ऑटोइम्यून स्वादुपिंडदाह होण्याचा धोका अधिक आहे का? तिला कधी पोटात दुखले की आम्हाला हीच भीती वाटते.

अंतःस्राव

टाइप १ मधुमेहातून ऑटोइम्यून स्वादुपिंडदाह उद्भवतो, असा सरळ संबंध नाही. टाइप १ मधुमेहाबरोबर दिसणारे ऑटोइम्यून आजार प्रामुख्याने थायरॉइडचे आणि सीलिअ‍ॅक डिसीज (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणारा आजार) हे आहेत, आणि त्यांची तपासणी बहिणीसाठी अधिक महत्त्वाची आहे. टाइप १ मधुमेहात स्वादुपिंड आकाराने लहान होते आणि काहींमध्ये पाचकरसही कमी होतो, पण त्यामागे असा दाह नसतो.

मात्र तीव्र पोटदुखीकडे दुर्लक्ष नको, आणि त्याचे कारण निराळे आहे. इन्शुलिन चुकल्यामुळे कीटोअ‍ॅसिडोसिस झाला की मुळात पोटदुखी आणि उलट्या होतात. त्याच अवस्थेत रक्तातील ट्रायग्लिसराइड्स खूप वाढून प्रत्यक्ष तीव्र स्वादुपिंडदाहही होऊ शकतो. १०००च्या पुढे गेलेले ट्रायग्लिसराइड्स हे त्याचे मान्य कारण आहे. म्हणून पोटदुखीच्या वेळी साखर आणि कीटोन तपासावेत आणि कीटोन आढळल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

मितभाषी

ट्रायग्लिसराइड्सचा उल्लेख झाला म्हणून एक भर घालतो, कारण स्वादुपिंडदाहाची ऑटोइम्यून कारणे एका आजारापुरती मर्यादित नाहीत. रक्तातील चरबीचे विघटन करणाऱ्या यंत्रणेतील जीपीआयएचबीपी-१ या प्रथिनाविरुद्ध काही व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे तयार होतात, त्यामुळे ट्रायग्लिसराइड्स कमालीचे वाढतात आणि वारंवार स्वादुपिंडदाह होतो. ही स्थिती दुर्मीळ आहे, परंतु प्रतिकारशक्ती दमवणाऱ्या औषधांनी ती सुधारू शकते. ल्युपस या अनेक अवयवांना ग्रासणाऱ्या ऑटोइम्यून आजारात रक्तवाहिन्यांच्या दाहातून स्वादुपिंडाला इजा होते. आणि कर्करोगावरील पीडी-१ प्रतिबंधक इम्युनोथेरपीमुळे (प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणाऱ्या उपचारामुळे) काही रुग्णांत स्वादुपिंडदाह, तर काहींत काही आठवड्यांतच इन्शुलिनवर पूर्ण अवलंबून असलेला मधुमेह उद्भवतो. ही उपचारपद्धती घेणाऱ्यांना अचानक खूप तहान लागली, वारंवार लघवी होऊ लागली तर तो त्या औषधाचा परिणाम असू शकतो, हे लक्षात असावे.

आता भावंडांचा प्रश्न. प्रतिकारशक्तीशी निगडित काही एचएलए जनुकप्रकारांशी या आजाराचा संबंध विशेषतः जपानी रुग्णांत आढळला आहे, पण तो पालकांकडून मुलांकडे थेट जाणारा आजार नाही. तक्रार नसताना आपण आयजीजी-४ तपासून घेण्याची गरज नाही. निरोगी माणसांपैकीही सुमारे ५ टक्के लोकांत ते वाढलेले असते आणि त्यातून निष्कारण काळजी तेवढी वाढते. पीआरएसएस-१, स्पिंक-१ यांसारख्या जनुकांतील बदलांमुळे होणारा आनुवंशिक स्वादुपिंडदाह हा वेगळा आजार आहे आणि तो बहुधा लहान वयातच दिसतो. मधुमेहासाठी वयानुसार जी नियमित तपासणी कोणीही करायला हवी, ती आपणही करावी, एवढे पुरेसे आहे.

वडिलांच्या बाबतीत दोन गोष्टी राहिल्या. पहिली पचनाची. स्वादुपिंडातील पाचकरस कमी पडत असेल तर शौच तेलकट, फिकट आणि दुर्गंधीयुक्त होते, खाऊनही वजन भरत नाही आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत. शौचातील इलास्टेज या साध्या चाचणीत २००च्या खाली आकडा आल्यास जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल द्याव्या लागतात. त्या सुरू झाल्यावर अन्न नीट शोषले जाऊ लागते आणि त्यामुळे जेवणानंतरची साखर वाढू शकते. तेव्हा मधुमेह बिघडला असे समजून कॅप्सूल बंद करू नयेत, इन्शुलिनची मात्रा त्यानुसार जुळवून घ्यावी. स्टेरॉइड सुरू असताना हाडांसाठी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमकडेही लक्ष हवे.

दुसरी गोष्ट आजार उलटण्याची. टाइप १ प्रकारात साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक रुग्णांत तो पुन्हा डोके वर काढतो, बहुधा स्टेरॉइड कमी करताना किंवा थांबवल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. त्यासाठी कमी मात्रेतील स्टेरॉइड दीर्घकाळ सुरू ठेवणे किंवा रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीच्या बी पेशी कमी करणारे औषध) देणे हे पर्याय आहेत. वारंवार स्टेरॉइड घ्यावे लागल्याने ज्यांची साखर आवरत नाही अशा मधुमेही रुग्णांत रिटुक्सिमॅबचा विचार लवकर केला जातो, मात्र त्यापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी अनिवार्य असते.

कवडसा

सर्वांचे मनापासून आभार. पहाटेच्या घसरणीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी कळवले. त्यांनी इन्शुलिन सकाळी स्टेरॉइडबरोबर घेण्यास सांगितले आहे आणि पुढील प्रत्येक कपातीच्या वेळी मात्रा दूरध्वनीवरून ठरवू, असेही म्हणाले. इलास्टेजची चाचणी आणि उपचारानंतरचा स्कॅन दोन्ही पुढील आठवड्यात आहेत. आजार उलटतो आहे हे घरच्यांना कशावरून ओळखता येईल, एवढाच एक प्रश्न उरला आहे.

मितभाषी

डोळे किंवा लघवी पिवळी होणे, पुन्हा खाज सुटणे, कारण नसताना वजन उतरणे, जबड्याखाली किंवा पापण्यांवर वेदनारहित सूज येणे, आणि स्टेरॉइडची मात्रा वाढवलेली नसताना साखर आठवडाभर चढतीच राहणे, यांपैकी काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. यकृताच्या चाचण्या, लघवीची आणि क्रिएटिनिनची तपासणी आणि आयजीजी-४ हे अहवाल तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावून साखरेच्या नोंदी आणि स्टेरॉइडची त्या त्या दिवसाची मात्रा शेजारी लिहून ठेवावी. साखर औषधामुळे वाढली की आजारामुळे, हे त्या दोन रकाने एकत्र वाचले तरच आम्हाला सांगता येते.